एकशे बत्तीस अंशांवर

निफाडहून परत आलेला क्रेट
टेबलावर उताणा पडलाय, कोपऱ्यापासून तळापर्यंत उकललेला.
वर चिठ्ठी: "थंडीत तडकला. माल पंधरा किलोच होता."
बोरस्ते साहेबांना सकाळी आठच्या आत कारण हवंय.
कारण रात्रपाळीत सापडतं का,
हे साहेबांना विचारायचं नसतं.

ब्लेडने मी त्याचा एक पापुद्रा काढते,
कांद्याच्या दोन पाकळ्यांमधल्या पापुद्र्याइतका पातळ,
दोन काचांमध्ये ठेवून तापत्या चकतीवर सरकवते.
दोनशे अंश. दहा मिनिटं.
"दहा म्हणजे दहा," अत्तारचाचा सांगायचे,
"सात मिनिटांत ते वितळल्याचं नुसतं नाटक करतं."
एकदा मी घाई केली होती.
गार होताना त्याच जागी, त्याच ठिपक्यांवर
जुने स्फटिक परत उगवले,
जणू पाट मांडूनच ठेवले होते कुणी.
चाचा हसले नाहीत. नवा पापुद्रा कापून दिला.

भिंगाखाली आता काळोख.
दोघं आहेत यात, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन.
बादल्या, पाइपचे तुकडे, कान तुटलेले मग,
सगळं सातपूरच्या एकाच दळणात गेलेलं.
बाहेरून एक रंग, एक साचा, एक भाव.
आत मात्र दुसरं पहिल्यात मुरत नाही,
कितीही ढवळा,
रश्श्यातल्या तर्रीसारखं थेंब थेंब राहतं.

एकशे बत्तीस. इथे थांबायचं.
पहिल्याला इथे थंडी वाजायला लागते,
दुसऱ्याला अजून घाम.
बराच वेळ काहीच होत नाही.
मग एका धुळीच्या कणापाशी
(धूळच, दुसरं काही नाही)
साखळ्या दुमडायला लागतात,
जिन्याखालच्या लाल पेटीतल्या आगीच्या नळीसारख्या,
मागे, पुढे, मागे, पुढे,
आणि काळोखात एक चकती उजळते,
मधोमध काळी फुली घेऊन.
मग दुसरी. मग डाव्या कोपऱ्यात तिसरी, उशिरा जागी झालेली.
मिनिटाला फार तर दहा मायक्रॉन.
एका केसाची जाडी ओलांडायला
माझा अर्धा कप चहा.

वाटेत थेंब येतात.
काहींना कड थोडं पुढे ढकलत नेते,
मग वळसा घालते, पोटात घेते.
गिळलेला थेंब आत तसाच. पातळ. स्वतःचा.

कड कडेला भिडते तिथे दोघींची वाढ संपते.
एकाच वेळी जन्मलेल्या असतील तर मधली सीमा सरळ,
पट्टीने आखल्यासारखी.
मागून आलेलीशी मात्र वाक पडतो,
थोरली धाकटीला तिन्ही बाजूंनी वेढत जाते.
मी ताईनंतर नऊ वर्षांनी आले.
कॉटवर माझी बाजू कुठे संपते
हे मला कधी सरळ रेषेत सांगता आलं नाही.

मग एकशे दहा.
आता थेंबांचीही पाळी.
आतल्या आत गोठतात, आकसतात,
आणि भोवतीची पकड सुटते.
ते भिंगात दिसत नाही.
दिसते ती फट, क्रेटच्या मूळ तुकड्यात,
सीमेसीमेने गेलेली, थेंबाथेंबाला थांबलेली,
हात दाखवेल तिथे थांबणाऱ्या एसटीसारखी.

पहाटेचे पाच. अहवाल.
"कारण: सीमा," लिहिते. खोडते.
साहेब विचारतील, कुठली सीमा?
"साचा लवकर गार करावा, स्फटिक बारीक राहतील.
दोघांना धरून ठेवणारं तिसरं द्रव्य, दोन टक्के."
खर्चाचा रकाना रिकामा सोडते.
तपासणार: हेमांगी पगार.

बाहेर पत्र्यावर दव गोठायच्या बेतात.
त्र्यंबक रोडने दुधाचा टेम्पो गेला.
क्रेटचा दुसरा कोपरा अजून तपासलेला नाही.
तपासायलाच हवा असंही नाही.
मी नवा पापुद्रा कापते,
चकती परत दोनशेवर नेते
आणि चाचांच्या स्टुलावर बसून
घड्याळाकडे बघत राहते,
सातव्या मिनिटाला,
आठव्यालाही.